पानमळ्याची हवा घरात: वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घटपर्णीसाठी ओलावा कसा सांभाळायचा

घटपर्णी म्हणजे लोंबत्या घटांत किडे पकडून खाणारं झाड. तिचं नवीन पान उलगडलं की त्याच्या शेंड्यातून एक तार निघते, सुतळीएवढी, आणि तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ असते, जराशी केसाळ, तपकिरी. तो दाणा म्हणजे होणारा घट. हवा चांगली असली तर तार खाली लोंबते, टोक वर वळते, दाणा फुगत जाते, आतून पोकळ होते, झाकण बंद असतानाच झाड आत आपलं पाणी सोडते आणि मग एका सकाळी झाकण उघडलेलं दिसते. हवा कोरडी असली तर तोच दाणा काळा पडून वाळतो, बोटात धरला की चुरा होतो. पान मात्र हिरवंच राहते, म्हणून नवीन माणसाला समजतच नाही की बिघडलं कुठं.

मी दर्यापूर तालुक्यात राहते, खारपाणपट्ट्यात, म्हणजे बोअरचं पाणी खारट आणि एप्रिल-मेची हवा भट्टीसारखी, दोन्ही गोष्टी या झाडाच्या उलट. पहिली घटपर्णी मी एप्रिलमध्ये आणली होती शहरातल्या एका नर्सरीतून. तिथल्या माणसानं सांगितलं दिवसातून चार वेळा फवारा मारा म्हणजे झालं. मी मारला, बोअरच्या पाण्याचा. महिनाभरात पानांवर पांढरे डाग, सगळे दाणे काळे, आणि नवतपा लागायच्या आत झाड गेलं. लय वाईट वाटलं मला, कारण काळजी तर रोज घेतली होती.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीचं, आमच्या घरचा पानमळा. बाबा तेव्हा भेटायला आले होते, त्यांनी ते वाळलेलं झाड पाहिलं आणि म्हणाले, "बाई, पानवेलीले कोणी फवाऱ्यानं जगवते का? मळ्यातली हवा कशी गार राहते ते पाह्य ना." तिथून माझा सगळा विचार बदलला. ज्यांनी पानमळा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, बाहेर ४३ अंश असो, कूड ओलांडून आत शिरलं की अंगाला गारवा लागते. कडेनं कूड म्हणून वारा आत येत नाही, शेवरी-पांगऱ्याची सावली म्हणून ऊन थेट पडत नाही, जमीन ओली म्हणून खालून वाफ येत राहते आणि वेली दाट म्हणून ती वाफ तिथंच थांबते. सावली, वाऱ्याला आडोसा, खालून ओल, दाटी. याच चार गोष्टी आपल्याला घराच्या एका कोपऱ्यात करायच्या आहेत. फवारा यात कुठंच नाही.

आधी झाड कोणतं ते ठरवा

घटपर्णी म्हणजे नेपेंथिस. हिच्या दीडशेच्या वर जाती आहेत, बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स या भागातल्या. आपल्या भारतात मूळची एकच, मेघालयातली नेपेंथिस खासियाना, गारो लोक तिला मेमांग कोक्सी म्हणतात म्हणजे भुताची टोपली. ती धोक्यात असलेली जात आहे, दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमाराला तिच्यासाठी राखीव अभयारण्य आहे, आणि जंगलातून उपटून आणलेलं झाड कोणी विकत असेल तर ते घेऊच नका, नर्सरीत वाढवलेलंच घ्या.

काही जाती उंच डोंगरावरच्या असतात, त्यांना रात्री १०-१५ अंशांचा गारवा पाहिजे. त्या आपल्याकडे उन्हाळा काढत नाहीत, कितीही ओलावा द्या. आपल्यासाठी सखल भागातल्या जाती नाहीतर काटक संकर. व्हेंट्राटा नावाचा संकर सगळ्यात सोशिक, नर्सऱ्यांत सगळीकडे मिळते, लाल-हिरवट घट येतात कमरेत जरा आवळलेले. पहिलं झाड हेच घ्या. मिरांडा म्हणून मोठ्या घटांचा संकर असते तो पण चालते पण त्याला जागा जास्त लागते.

आणि एक, अमेरिकेतली उभ्या तुतारीसारखी सारासेनिया वेगळी. ती पाण्याच्या ताटलीत उभी राहते, तिला कडक ऊन आणि थंडीत विश्रांती लागते, हवेतल्या ओलाव्याचं तिला विशेष काही नाही. मी इथं सांगून राहिली ते सगळं लोंबत्या घटांच्या झाडाबद्दल.

आणायची वेळ: मृग लागल्यावर. जून-जुलैमध्ये आणलं की झाडाला हवा आपोआप मिळते, दिवाळीपर्यंत ते रुळते आणि पुढच्या उन्हाळ्याला तोंड द्यायला तयार होते. एप्रिलमध्ये कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, माझं ऐका.

हवेचा हिशेब समजून घ्या, हे समजलं की अर्धं काम झालं

मीटरवर जे टक्के दिसतात ती सापेक्ष आर्द्रता. म्हणजे हवेत किती पाणी मावू शकते त्यातलं किती भरलेलं आहे. आणि हवा जितकी गरम तितकं जास्त पाणी मावते. ३० अंशाच्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्राम वाफ मावते, ४५ अंशाला ६५ ग्राम, दुपटीच्याही वर. आता पहा, मेमध्ये सकाळी सहा वाजता २८ अंश आणि ४५ टक्के असेल तर दुपारी तीच हवा ४४ अंशाला गेल्यावर मीटर १९ टक्के दाखवते, हवेतून एक थेंब पाणी कमी न होता. पाणी तेवढंच आहे, भांडं मोठं झालं.

याचा अर्थ असा की आपल्याकडे ओलावा वाढवायचा सगळ्यात सोपा रस्ता पाणी मारणं नाही, जागा गार करणं आहे. ५ अंश खाली आले की टक्के स्वतःहून चढतात. हे मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ते झाड वाचलं असतं.

व्हेंट्राटाला ५० टक्के मिळाले तरी घट येतात, ६०-७० मिळाले तर मस्त येतात. ४० च्या खाली रोज दुपारी चार-पाच तास गेले की दाणे वाळायला लागतात. रात्री ८० आणि दुपारी २० असं असेल तर सरासरी ५० काढून समाधान मानू नका, दाणा दुपारीच मरते.

पायरी १: मीटर घ्या आणि तपासून घ्या

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर दोन-चारशे रुपयांत मिळते, ते घ्याच. पण स्वस्त मीटर पाच-दहा टक्के खोटं बोलू शकते म्हणून एकदा मिठाची परीक्षा करा: बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यात थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा (विरघळू द्यायचं नाही), ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सावलीत, आठ तास. मीटरनं ७५ दाखवायला पाहिजे. माझं ६९ दाखवत होतं, म्हणजे मी दर वेळी ६ मिळवून वाचते.

मग ते मीटर घेऊन घरभर फिरा. खरंच सांगते, एक आठवडा नुसतं हेच करा, झाड आणायच्या आधी. दुपारी दोन ते पाच या वेळात ओसरीत किती, बैठकीत किती, न्हाणीजवळ किती, माठाजवळ किती, सांदवाडीत (घरामागच्या परसात) पेरूच्या झाडाखाली किती, सगळं वहीत लिहा. आमच्या घरी टिनाच्या खोलीत ४१ अंश आणि जुन्या मातीच्या भिंतीच्या बैठकीत ३५, एकाच घरात एकाच वेळी. मातीची भिंत, धाबं, कवेलू हे सगळं झाडाच्या बाजूनं असते, टिन आणि स्लॅब विरोधात.

पायरी २: जागा

पूर्वेच्या खिडकीजवळची, सकाळचं कोवळं ऊन दोन तास येते आणि दुपारी थेट येत नाही अशी जागा सगळ्यात चांगली. वारा थेट लागायला नको. आपल्याकडची मार्च ते जूनची गरम झळ पानातलं पाणी कपड्यातल्या पाण्यासारखं ओढून नेते, मीटरवर ३५ टक्के असताना वाऱ्यात ठेवलेलं झाड आणि आडोशाला ठेवलेलं झाड यात जमीन-अस्मानचा फरक पडते.

पण अंधार कोपरा पण नको. नवीन लोकांचं हे नेहमी होते, ओलावा पाहिजे म्हणून झाड न्हाणीत नेऊन ठेवतात, तिथं ७० टक्के असतात पण उजेड नाही, मग घट येत नाहीत आणि माणूस म्हणते अजून ओलावा पाहिजे. उजेड कमी असला तर घट येत नाहीतच. पान लांब, पातळ, गडद हिरवं, लुळं पडत असेल तर उजेड कमी. पान चांगलं आखूड-कडक आहे, कडेला जरा लाली आहे आणि तरी दाणा वाळते, तर हवा कोरडी. एवढी एक खूण लक्षात ठेवा. खोलीत उजेड नसेल तर १५-२० वॅटचा पांढरा एलईडी फूट-दीड फुटावर बारा तास लावा, काम होते.

बाहेर सांदवाडीत ठेवायचं असेल तर हिरवी ५० टक्क्यांची शेडनेट, आणि मार्चपासून तिच्यावर दुसरा थर. कडेनं तुराट्यांचा नाहीतर पऱ्हाट्यांचा आडोसा करा, पश्चिमेकडून तर नक्कीच.

पायरी ३: खालून ओल

माझी मांडणी सांगते. एक मोठं घमेलं, त्यात चार इंच जाड वाळू, वाळू नेहमी ओली. वाळूच्या मधोमध एक वीट, विटेवर मातीचा रुंद तोंडाचा जुना माठ (वरून फुटलेला होता, कड घासून घेतली), आणि माठाच्या आत परत एक विटेचा तुकडा ठेवून त्यावर झाडाची प्लास्टिकची कुंडी. माठाच्या बाहेरून तरटाचा तुकडा गुंडाळलाय, त्याचं खालचं टोक ओल्या वाळूत. तरट पाणी वर ओढते, माठ पाझरते, आणि माठाच्या आतली हवा पाण्याच्या माठासारखीच गार राहते. झाडाची पानं माठाच्या तोंडाच्या जराशी वर आणि घट आत लोंबतात. मागच्या एप्रिलमध्ये दुपारी तीनला बैठकीत ३६ अंश आणि २८ टक्के होते तेव्हा माठाच्या तोंडात घटांजवळ ३१ अंश आणि ४९ टक्के. वीज नाही, खर्च नाही.

कुंडीचं बूड कधी पाण्यात बुडू द्यायचं नाही, घटपर्णीची मुळं नाजूक असतात, सडतात.

नुसत्या ताटलीत गोटे टाकून पाणी भरायचा सल्ला सगळीकडे देतात, त्यानं दोन-तीन टक्के वाढले तर वाढले, उघड्या खोलीत ती वाफ पसरून जाते. फवाऱ्याचं पण तेच, मारल्यावर मीटर पाहत बसा, पाच-सात मिनिटात होतं तिथं. पानमळ्यात वाफ टिकते ती कूड आणि दाटीमुळे. म्हणून शेजारी अजून झाडं मांडा: मनी प्लांट, फर्न, अळू, केळीचं पिल्लू, पानवेल तर मिळालीच पाहिजे. माझ्या घमेल्याच्या तीन बाजूंनी अळूच्या कुंड्या आहेत, अळू भरपूर पाणी पिते आणि भरपूर वाफ सोडते, भाजीला पण कामात येते.

पायरी ४: पाण्याचे दोन हिशेब वेगळे ठेवा

खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी हा भाग नीट वाचा, आणि ज्यांचं बोअर गोडं आहे असं वाटते त्यांनी पण, कारण जिभेला गोडं लागते म्हणजे झाडाला चालते असं नाही.

झाडाच्या मुळाला जाणारं पाणी एकदम हलकं पाहिजे, क्षार मोजायच्या टीडीएस मीटरवर ५० च्या खाली, फार तर १००. या झाडांची सवयच अशी की जमिनीत काही नसते म्हणून तर ती किडे खातात, क्षार साचले की मुळं जळतात. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. पहिले दोन पाऊस टिनावरची धूळ वाहून जाऊ द्या, मग ड्रम भरा, तोंडाला धोतराचं दुहेरी कापड बांधा म्हणजे डास होत नाहीत, आणि ड्रम अंधारात ठेवा म्हणजे शेवाळ येत नाही. ६ इंची कुंडीला मला उन्हाळ्यात दोन दिवसाआड पाऊण लिटर लागते, थंडीत त्याच्या निम्मं, म्हणजे २०० लिटरच्या एका ड्रममध्ये दोन झाडं दिवाळीपासून मृगापर्यंत आरामात निघतात. एसीतून टपकणारं पाणी पण चालते. आरओचा कॅन आणत असाल तर आधी मोजून पहा, प्रत्येक ठिकाणचं वेगळं निघते. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र कधीच नाही, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात.

हवा ओली करणारं पाणी ही वेगळी गोष्ट. घमेल्यातली वाळू, तरट, कूलर याला खारं बोअरचं पाणी बिनधास्त वापरा, कारण वाफ होऊन उडते ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहते. तरटावर पांढरी पापडी धरते ती तीच. दर पंधरा दिवसांनी तरट धुवून घ्या, वाळू महिन्यातून एकदा बदला. फक्त ते पाणी उडून झाडाच्या पानावर किंवा कुंडीत जायला नको. मला पहिलं सहा महिने ही साधी गोष्ट समजली नव्हती, मी पावसाचं पाणी वाळूत ओतत होती आणि फेब्रुवारीतच ड्रम रिकामा.

याच्यातून एकच सुटते, ते धुकं फेकणारं विजेचं ह्युमिडिफायर यंत्र. ते पाणी उकळत नाही, हलवून हलवून बारीक तुषार करते, म्हणजे मीठ पण हवेत उडते आणि पानावर पांढरी भुकटी बसते. त्यात पावसाचंच पाणी टाका, नाहीतर ते घेऊच नका. खेड्यात त्याची गरज पण नाही, आपल्याकडे कूलर आहे.

पायरी ५: कूलर

वऱ्हाडात ज्या घरात कूलर आहे त्या घरात घटपर्णी जगू शकते, मी तर असंच म्हणते. कूलर एकाच वेळी दोन्ही कामं करते, हवा गार पण आणि ओली पण, म्हणजे वरचा हिशेब दोन्ही बाजूनं जमते. बाहेर ४४ अंश आणि १४ टक्के असताना आमच्या बैठकीत कूलर लावल्यावर ३१ अंश आणि ५४ टक्के मिळतात. खिडकी जराशी उघडी पाहिजेच, नाहीतर खोली कोंदट होते आणि कूलर गार करणं बंद करते.

झाड कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. सहा-सात फूट लांब, एका बाजूला, जिथं वारा भिंतीवर आपटून हळू होऊन येते तिथं. हात धरून पहा, हातावरचे केस हलले नाही पाहिजेत पण गारवा जाणवला पाहिजे. जवळ ठेवलं तर खाऱ्या पाण्याचे तुषार पानावर बसतात. आमच्या मामाजींना (सासऱ्यांना) दुपारी एक ते चार झोपायला कूलर लागतोच, म्हणून झाडाचा उन्हाळ्याचा मुक्काम त्यांच्या बंगईच्या (झोपाळ्याच्या) मागच्या खिडकीत. आता ते स्वतःच रोज मीटर पाहतात आणि मला आकडा सांगतात.

लाईन गेली की काय करायचं, हा खरा प्रश्न, कारण लाईन जायची वेळ पण दुपारचीच. मी एक जाड बारदाना पाण्यात भिजवून तयार ठेवते. लाईन गेली की तो खिडकीच्या चौकटीवर टांगायचा, खालचं टोक पाण्याच्या बादलीत. आणि झाडाच्या माठाभोवती अजून एक ओलं कापड. दोन-तीन तास असे निघून जातात. एखाद्या दुपारी नाही जमलं तर झाड लगेच मरत नाही, एखादा दाणा जाते. सलग आठ-दहा दिवस असं झालं तर मग त्या हंगामाचे घट गेले समजा.

पिशवी आणि काचेची पेटी, कधी हो आणि कधी बिलकुल नाही

नवीन झाड पार्सलनं आलं असेल तर त्याला पहिले दोन-तीन आठवडे पिशवीत ठेवावं लागते, कारण ते नर्सरीत ८० टक्क्यांत वाढलेलं असते. पारदर्शक प्लास्टिकची मोठी पिशवी, आत दोन काड्या उभ्या करून तंबूसारखी, खाली कुंडीला बांधून. पहिला आठवडा बंद, दिवसातून एकदा दहा मिनिटं उघडायची. दुसऱ्या आठवड्यात वरचा एक कोपरा कापायचा, तीन दिवसांनी दुसरा, मग दर दोन दिवसांनी भोक मोठं करत जायचं आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काढून टाकायची. घाई करू नका, झाडाला हळूहळू बदललेलं सगळं सहन होते, एका दिवसात बदललेलं नाही. जे घट झाडासोबत आले ते वाळले तर काळजी नको, प्रवासात त्यातलं पाणी सांडलेलं असते. सांडलं असेल तर पावसाचं पाणी पाव घटापर्यंत टाकून द्या, काही तग धरतात. आलेलं झाड कसं आहे ते जुन्या घटांवर ठरवू नका, तुमच्या घरी निघालेल्या तिसऱ्या पानावर ठरवा.

पण ही पिशवी किंवा माशांची काचेची पेटी मार्चनंतर उन्हात कधीही, कधीही ठेवू नका. बंद काचेत ऊन शिरलं की अर्ध्या तासात आत ५० च्या वर जाते, ओलावा ९० टक्के असतो आणि झाड अक्षरशः शिजते. पानं उकडलेल्या पालकासारखी होतात. माझ्या मावसबहिणीचं झाड असंच गेलं होतं, तिनं ते सगळं प्रेमानंच केलं होतं.

पावसाळ्यात उलटा प्रश्न

आर्द्रा ते हस्त, हे दिवस झाडाचे. ८०-९० टक्के हवा फुकट मिळते. झाड बाहेर काढा, पिंपळ-कडुनिंबाच्या दाट सावलीत नको, ओसरीच्या कडेला किंवा शेडनेटखाली, पाऊस अंगावर पडला तरी चालते, कुंडीतून पाणी झरझर निघून गेलं पाहिजे एवढंच. काळी माती, शेणखत, गांडूळखत काहीही नको, नारळाच्या सालीचे तुकडे चांगले तीन-चार वेळा धुतलेले, परलाइट (पांढरे हलके खडे) आणि थोडा स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ), बस.

आता भीती बुरशीची. पानावर काळे-तपकिरी ठिपके आणि त्याभोवती पिवळं कडं दिसलं की समजायचं हवा कोंडली आहे. ओलावा पाहिजे पण हलता पाहिजे. तेव्हा दाटी केलेल्या कुंड्या एक-एक वीत लांब करा, तरट काढून टाका, माठातून कुंडी बाहेर काढा, खराब पान कापून टाका. उन्हाळ्यात ज्या कुंड्या दाटीनं मांडल्या त्याच पावसाळ्यात विरळ करायच्या.

याच दिवसात सकाळी एकदा घटाच्या कडेकडे नीट पहा, मला हे पाहायला फार आवडते. घटाच्या तोंडाला लालसर, बारीक रेघांची चकचकीत कड असते. एप्रिलच्या दुपारी मी पाहिलंय, मुंग्या त्या कोरड्या कडेवरून मजेत फिरतात, गोड रस चाटतात आणि परत जातात, एकही पडत नाही. आणि श्रावणात सकाळी कडेवर दव धरलेलं असताना तीच मुंगी कडेवर पाय ठेवते, दोन पावलं टाकते आणि गेली आत. २००४ मध्ये बोन आणि फेडर्ले या शास्त्रज्ञांनी हेच दाखवलं, की ही कड कोरडी असताना घसरडी नसतेच, पाण्याचा पातळ थर बसला की किड्याचे पाय त्यावर टिकत नाहीत. म्हणजे ओलावा घट तयार व्हायलाच लागते असं नाही, घटाला आपलं काम करायला पण लागते. झाकण उघडझाप करते असं पुष्कळांना वाटते, ते चूक, एकदा उघडलं की उघडंच राहते.

म्हणून किडे भरवायच्या मागं लागू नका. मटण, अंडं, दूध असलं काही घटात टाकू नका, सडते आणि घट जाते. मुंग्या-माशा ते स्वतः पकडते.

थंडीचे दिवस

डिसेंबर-जानेवारी हा लपलेला कोरडा काळ आहे. सकाळी १२ अंश आणि ८० टक्के असते, धुकं पाहून माणूस निश्चिंत होते, आणि दुपारी २८ अंशाला तीच हवा ३० टक्क्यांवर येते. त्यात रात्री ८-१० अंश. झाड संध्याकाळी आत घ्या, पाणी सकाळी दहानंतर द्या आणि ते ड्रममधलं एकदम गार पाणी तासभर उन्हात ठेवून द्या. चुलीच्या खोलीत ऊब असते पण धूर असते, तिथं नको. आता मात्र काचेची पेटी किंवा पारदर्शक झाकणाचा मोठा डबा कामात येते, झाकण दोन बोटं उघडं ठेवून, कोवळ्या उन्हात. वाढ मंदावते, घट लहान येतात, ठीक आहे. खालचे जुने घट झाकणापासून वाळत येतात ते वयानं, तीन-चार महिने झाले की होतेच, अर्धा घट हिरवा असेपर्यंत कापू नका, झाड त्यातून अजून खाते.

होळी झाली की परत माठ, तरट, दाटी, आडोसा, सगळी मांडणी लावून घ्या, कूलर लावायच्या आधीच. पहिल्या गरम आठवड्यात झाड नव्या जागेवर रुळलेलं पाहिजे.

वेल वाढली की

दोन वर्षांनी झाड वेलीसारखं वर चढते आणि वरचे घट कमी येतात. मृगात शेंडा कापा, तीन पानांचा तुकडा, पानं अर्धी कापून टाका, ओल्या मॉसमध्ये उभा करा आणि वरून बूड कापलेली पाण्याची मोठी बाटली पालथी घाला, झाकण लावलेलं. सावलीत दोन महिने. नवीन पान निघालं की झाकण काढा, आठ दिवसांनी बाटली. माझ्याकडचे असे दोन तुकडे लागले, एक इथंच आहे आणि एक अंजनगावला बाबांकडे, पानमळ्यात पांगऱ्याला टांगलेला, त्याला ना कूलर ना माठ, आणि त्याचे घट माझ्यापेक्षा बोटभर मोठे आहेत.